कोळवणची जीप आमच्या पलंगावर

माझ्याकडे चौदा अर्धवट प्रोग्राम आहेत. प्रोग्राम म्हणजे नेमकं काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी चौदा अर्धवट विणलेले स्वेटर डोळ्यांसमोर आणावेत. कुणाला एकच बाही आहे, कुणाला नुसता गळा. पंधरावा मात्र पुरा झाला. तो मी पुरा केला असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत होते, पण छापून यायचं म्हटल्यावर जीभ जरा अडखळते. खरं सांगायचं तर तो पुरा करून घेतला कोळवणच्या नऊ माणसांनी. त्यांतल्या आठ जणांनी त्याआधी कॉम्प्युटरला हात लावलेला नव्हता. नवव्याने लावला होता, पण धूळ पुसण्यासाठी.

आधी धंद्याबद्दल थोडं. मी मूळची अंबडची, जालन्याकडची. एकवीस वर्षं माणच्या आयटी पार्कात नोकरी करते आहे. लोकांना वाटतं, त्या काचेच्या इमारतींत बसून आम्ही रोज काहीतरी नवं घडवतो. माझं काम आहे देखभालीचं. सातासमुद्रापलीकडच्या एका विमा कंपनीचा एक जुनाट प्रोग्राम आहे. तो कुणी लिहिला ते कुणालाच माहीत नाही, आणि तो माणूस मला कधी भेटू नये अशी मी त्याच्याच भल्यासाठी प्रार्थना करते. तो प्रोग्राम रोज कुठेतरी गळतो आणि मी रोज तिथे डांबर लावते. हे काम मला चांगलं जमतं, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. पण एकवीस वर्षं दुसऱ्याच्या छपराला डांबर लावल्यावर वाटतंच, की आपलंही एखादं खोपट असावं. हौसेचा प्रोग्राम म्हणजे हे खोपट. त्याला साहेब नसतो, मुदत नसते, आणि म्हणूनच तो पुरा होत नाही.

माझा पहिला प्रोग्राम मटकीला मोड कधी येतील ते सांगायचा. पाणी किती, थंडी किती, फडकं जाड की पातळ, असं सगळं तो विचारायचा. सगळी उत्तरं भरून होईपर्यंत मोड आलेले असायचे. सहावा होता दिलीपच्या घोरण्याचा आलेख काढणारा. दिलीप माझा नवरा. पिरंगुटच्या एका कारखान्यात तो मालाचा दर्जा तपासतो, त्यामुळे घरातही त्याला कुठलीच गोष्ट तपासल्याशिवाय मान्य नसते. "आधी तुझं यंत्र बरोबर मोजतं याचा दाखला आण," म्हणाला, आणि सहावा तिथेच आटोपला. नववा कशाबद्दल होता ते मला आठवत नाही. मध्यंतरी उघडून वाचला, तरी कळलं नाही.

उमेद टिकत नाही, हे माझं दुखणं. सुरुवातीचे तीन आठवडे मी पहाटे साडेपाचला उठून बसायची, चौथ्या आठवड्यात अंथरुणात पडून नुसता विचार करायची आणि पाचव्यात कणीक मळायला लागायची. यावर माझा उपाय एकच, आणि तो या धंद्यातल्या सगळ्यांचाच आहे: काम पुढे सरकेना की नवी वस्तू आणायची. मी खटखट वाजणारा कीबोर्ड आणला. तो इतका वाजायचा की खालच्या मजल्यावरच्या सुमनकाकूंना वाटलं, वर कुणीतरी रोज पहाटे शेंगा फोडतंय. मग कॉम्प्युटरला दुसरा पडदा आणला, कारण एका पडद्यावर विचार मावत नाहीत असं कुठेतरी वाचलं होतं. सात दांड्यांची खुर्ची आणली, ज्यांतले दोन दांडे कशाचे हे अजून उलगडलेलं नाही. शेवटी बटण दाबलं की वर-खाली होणारं टेबल आणलं.

टेबल बघायला सुमनकाकू वर आल्या. त्या आमच्या घरमालकीण. त्यांची शेती आयटी पार्कात गेली, उरलेल्या तुकड्यावर पाच मजले खोल्या उठल्या, आणि त्यांतला वरचा मजला आमच्याकडे आहे. काकूंनी टेबल तीनदा वर-खाली करून पाहिलं, खुर्चीला हात लावला, दोन्ही पडदे बघितले.

"औत लई झ्याक हाय, ताई," त्या म्हणाल्या. "पर रान कुटंय?"

मी चहा टाकला.

पंधरावा प्रोग्राम होता जीपचा. कोळवण हे सुमनकाकूंचं माहेर. त्यांच्याबरोबर मी अधूनमधून तिकडे जायची. पौडात उतरायचं आणि तिथून कोळवणची जीप धरायची. आता या जीपला ठरलेली वेळ नसते. अकरा माणसं भरली की ती निघते. म्हणजे आपण मुकाट्याने आत बसून राहावं, तर बाकीचे दहा येता येत नाहीत. आणि जरा समोर चहा घ्यायला जावं, तर कुठून कोण जाणे दहाच्या दहा उगवतात आणि जीप वळणाआड दिसेनाशी होते. दोनदा माझा चहा गेला, एकदा जीप गेली, तेव्हा डोक्यात आलं: बसणाऱ्याने फोनवर एक बटण दाबावं आणि चहाच्या टपरीवरच्या माणसाला तिथल्या तिथे दिसावं, सात भरले, चार बाकी. बस, एवढंच. मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी! हा आपण पुरा करायचाच, असं मी दिलीपला सांगितलं. त्याने नुसतं कपाळावर आठी आणून "हम्" केलं, आणि ते मला फार लागलं. चौदा वेळा त्याने असं केलं नव्हतं. या वेळी मला त्याला, आणि त्याच्याहून जास्त मला स्वतःला, एक तरी पुरी केलेली गोष्ट दाखवायची होती.

आठ दिवसांत बटण दाबलं की आकडा वाढू लागला. मग मी तीन महिने पडद्यावरच्या जीपचा रंग ठरवत बसले.

याच सुमारास ऑफिसातल्या आम्हा नऊ जणांची सहल निघाली. कुठे जायचं यावर नेहमीप्रमाणे रण माजलं, म्हणून मी म्हटलं, चला कोळवणला, भाताची लावणी करू. काकूंचे भाऊ गेनूभाऊ यांच्या खाचरात आम्ही उतरलो. कडेला उभी होती काकूंची थोरली बहीण, सगळं खोरं जिला आक्का म्हणतं. सत्तरीची बाई, लावणीच्या ओळीची म्होरकी. आमच्या लोकांनी चिखलात फोटो काढले, मधेमधे रोपं खोचली. आमची ओळ कुठून निघाली आणि कुठे गेली ते तिलाच माहीत. आंबेमोहोराचा भात आणि तिखट कालवण ओरपून आम्ही परतलो, आणि मी तो दिवस विसरून गेले.

कोळवणकर विसरले नव्हते. तिकडे लावणीला सावडीची रीत आहे. आज सगळ्यांनी माझ्या खाचरात लावायचं, उद्या सगळ्यांनी तुझ्या. पैशाचा संबंध नाही. माणसाच्या दिवसाला माणसाचा दिवस. खोऱ्यातल्या लावण्या उरकल्यावर आक्कांचा फोन आला.

"ताई, तुमच्या नऊ मान्सांचा दिवस हाय आमच्यावर. तुमचं रान कुटं हाय?"

मला गंमत वाटली. "आक्का, माझं रान म्हणजे हा कॉम्प्युटर! या लावायला!"

"किती माणसं लागत्याल?"

"नऊच या!" मी हसत हसत म्हटलं.

"बरं," आक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी साडेनऊला दार वाजलं. दारात नऊ माणसं. पाच बाया, चार पुरुष. डोक्यावर भाकरीची पाटी, हातात पिशव्या. एका बुवांनी खबरदारी म्हणून विळाही आणला होता.

"अहो आक्का, मी थट्टा केली होती!"

"आमी न्हाई केली," आक्का म्हणाल्या. "पाय कुटं धुवायचं?"

मी खूप सांगून पाहिलं. आमच्या लोकांनी तिकडे धड काही लावलंच नव्हतं, उलट घोळच घातला, असंही कबूल केलं.

"ठावं हाय की," गेनूभाऊ म्हणाले. "तुमी लावल्यालं समदं दुसऱ्या दिशी उपटून परत लावलं."

"पर दिवस त्यो दिवस," आक्का म्हणाल्या. "आमी बी आमाला येतंय तसं करतू. तुमी मागनं उपटून लावा. पर कुनाचा दिवस डोस्क्यावर ठिऊन आमी म्होरली पेरनी-लावनी करत न्हाई. बोला, काय करायचं?"

दिलीप माझ्याकडे बघत होता. त्याला आयुष्यात क्वचितच इतका आनंद झालेला मी पाहिला आहे.

मग सुचलं. प्रोग्राम तयार झाला की तो वापरून, आपटून बघावा लागतो. आम्ही त्याला टेस्टिंग म्हणतो. ऑफिसात मी टेस्टिंगवाल्यांच्या विनवण्या करते, आणि इथे तर रोज जीपने हिंडणारी नऊ माणसं आपल्या पायांनी आली होती. आता रंग कशाला ठरवत बसायचा! आम्ही पलंग भिंतीपासून ओढला आणि त्याच्या दोन्ही कडा हेच जीपचे मागचे बाक केले. पुढे दोन स्टुलं मांडली. सात दांड्यांची खुर्ची ड्रायव्हरची. ती गेनूभाऊंनी पटकावली आणि एकदा गर्रकन फिरून घेतलं. प्रत्येकाच्या फोनवर दिलीपने लिंक धाडली. ज्यांच्याकडे तसे फोन नव्हते त्यांचं बटण शेजारच्याने दाबायचं ठरलं.

ड्रायव्हर वगळून उरली आठ माणसं, शिवाय दिलीप आणि सुमनकाकू, म्हणजे दहा. पडद्यावर बरोबर दहा आले. मला भरून आलं.

"चला, आता निघाली असं समजू," मी म्हटलं.

"अशी कशी निगंल?" गेनूभाऊ खुर्चीवरून म्हणाले. "दहाच हायेत." आणि खिडकीतून बाहेर तोंड काढून ओरडले, "एक शीट! चला कोळवण, कोळवण, एकच शीट!"

समोरच्या इमारतीतून दोन पोरी डोकावल्या. कितीही सांगितलं तरी गाडी हलेना. शेवटी लॅपटॉप मांडीवर घेऊन मीच पलंगाच्या टोकाला अकरावी बसले.

तेवढ्यात विळेवाले बुवा उठून स्वयंपाकघराकडे गेले. "ती म्होरली जीप आदी भरतीया जनू," म्हणाले. तिकडे चहा होता. चहा पिऊन ते परत आले, बसले आणि बटण दाबलं. आकडा बारा झाला. हे बघून बाकीच्यांनाही म्होरल्या जीपची आठवण झाली. पहिली फेरी संपली तेव्हा पडद्यावर तेवीस होते.

"तेवीस शीटं घिऊन घाटात कोन घालनार गाडी?" गेनूभाऊ म्हणाले. "माजं लायसन जाईल."

चूक उघड होती. "बसलो" असं बटण मी केलं होतं. "उतरलो" असं बटण केलंच नव्हतं. एकवीस वर्षं मी दुसऱ्याच्या प्रोग्राममधल्या चुका हुडकते आहे, जीपचे सहा रंग करून बघितले आहेत, आणि चढलेला माणूस उतरतोही हे माझ्या गावी नव्हतं. दुरुस्तीला किती वेळ लागतो ते मोजायला दिलीपने घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवलं.

मी पटापट दुरुस्ती केली. मग एकामागून एक प्रश्न निघू लागले, आणि आमच्या ऑफिसातल्या वातानुकूलित खोलीत मी इतके चांगले प्रश्न कधी ऐकलेले नाहीत.

"मांडीवरचं पोर धरायचं का?" एका बाईने विचारलं.

"धरायचं न्हाई," दुसरी म्हणाली. "शाळंत जायला लागलं की अर्दं."

"माजं कुनी अर्दं धरून दावावं!" तिसरी म्हणाली, आणि पंधरा मिनिटं पलंगावर ते भांडण चाललं. शेवटी अर्ध्याचं बटण करायचं, पण कुणाचं अर्धं ते ड्रायव्हरने ठरवायचं, असा तोडगा निघाला. ड्रायव्हरने "मला ह्येच्यात घालू नका" असं खुर्ची भिंतीकडे फिरवून सांगितलं.

मग रुमालाचा प्रश्न आला. शीटवर रुमाल टाकून माणूस औषध आणायला जातो. तो बसला म्हणायचा की नाही? यावर सगळे गंभीर झाले. रुमाल असला तर तिथे दुसरा बसू शकत नाही, पण तो आल्याशिवाय जीप निघू शकत नाही. माझ्या प्रोग्रामात शीट रिकामी होती किंवा भरलेली होती. कोळवणच्या जीपमध्ये मात्र तिची तिसरीही अवस्था होती आणि सगळी भांडणं त्या तिसरीतच होत होती. मी त्या शीटवर छोटासा रुमाल काढला. आक्कांनी चष्मा लावून तो पाहिला.

"ह्यो मळका कर थोडा," म्हणाल्या.

शेळीचा निकाल सोपा लागला. शेळी शीट धरत नाही, पण तिच्या शेजारी कुणी बसत नाही, म्हणून एक शीट वजा. शेळीचं काम करायला कुणी तयार होईना, तेव्हा दिलीप उठला. दर्जा तपासणारा माणूस स्वतः पलंगाच्या कोपऱ्यात मान खाली घालून बसला आणि आकडा दहावर अडतो का ते बघत राहिला. अडला. या एका गोष्टीसाठी मी त्याला त्या "हम्"बद्दल माफ केलं आहे.

आपल्या शीटचं बटण तेवढं दाबून आक्का दिवसभर माझ्या मागे उभ्या होत्या. दर थोड्या वेळाने विचारायच्या, "झालं? म्होरं." मी पाणी प्यायला उठले की "काय ऱ्हायलं?" नवी वस्तू आणावी, असा विचारही त्या दिवशी शिवला नाही. भाकरी आणि ठेचा खाऊन दुपारी सगळे परत आपापल्या बाकावर बसले, आणि चारच्या सुमाराला अशी वेळ आली की कुणालाच नवा प्रश्न सुचेना. भरली, उतरली, रुमाल टाकले, शेळी चढवली, आकडा चुकेना.

मी लॅपटॉप मिटला. "वा, छान झालं. आता बाकीचं मी सावकाश बघते आणि महिन्याभरात सुरू करू."

"बाकीचं म्हंजी?"

"म्हणजे... रंग. नाव. थोडं अजून नीटनेटकं."

आक्का माझ्यासमोर खाली बसल्या. "ताई, आमी रोप उपटतू ना, तवा आज लावून हुईल तेवडंच उपटतू. ऱ्हायलं तर दुसऱ्या दिशी पिवळं पडतंय. तुमी तर सक्काळपास्नं समदं उपटलंय. आता ह्ये रातभर बांदावर ठिवणार व्हय?"

नऊ माणसं, काकू आणि शेळीपणातून नुकता सुटलेला नवरा माझ्याकडे बघत होते. मला एकदम रडू आलं. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्या महागड्या टेबलाला टेकून.

"बाकी काहीच नाही, आक्का," मी म्हटलं. "मला भीती वाटते. अर्धवट आहे तोवर कुणी नावं ठेवत नाही. अजून व्हायचंय असं म्हणता येतं. सुरू केलं आणि लोक म्हणाले, ह्या, काय हे, तर?"

मग विळेवाले बुवा म्हणाले, "म्हनू द्या की. आमच्या लावनीला काय कमी म्हनत्यात?"

"आन नंबर टाका तुमचा खाली," गेनूभाऊ म्हणाले. "गाडीच्या मागं आसतोय तसा. कुनाला काय वाटलं तर तुमालाच सांगत्याल, गावभर न्हाई."

मी डोळे पुसले, नंबर टाकला आणि सगळ्यांसाठी सुरू करायचं बटण दाबलं. चौदा प्रोग्रामांत जे बटण मी कधी दाबलं नव्हतं ते. जीप पिवळी राहिली. नाव राहिलं "जीप". साडेचारला आक्कांनी माणसं उठवली आणि पाटी रिकामी करून ती मंडळी निघून गेली. जाताना पलंगसुद्धा त्यांनी भिंतीला लावून दिला, आणि पौडात भेटेल त्याला लिंक धाडायचं गेनूभाऊंनी कबूल केलं.

संध्याकाळी मी फोन हातात घेऊन ओट्याशी उभी होते. सहाच्या पुढे पौडात आकडा हलला. एक. चार. नऊ. नऊवर बराच वेळ अडला, एक रुमाल आला, गेला. दहा. मग अकरा, आणि जीप निघाली. मी इतक्या मोठ्याने ओरडले की सुमनकाकू वर धावत आल्या. दिलीपने फोन हातात घेऊन आकडा पाहिला, परत पाहिला, आणि म्हणाला, "पास."

पण ते तर आमचेच लोक होते. नऊ जण ओळखीचे, आपल्या दिवसाची फेड करणारे, आणि उरलेल्या दोघांचं बटणही त्यांनीच दाबलं असणार. रात्री झोपताना मला हे चांगलंच कळत होतं.

सोमवारी सकाळी आठला, ऑफिसला निघताना, फोन वाजला. नंबर अनोळखी.

"त्ये जीपचं तुमी केलंय का?" पुरुषाचा आवाज, चांगलाच तापलेला.

"हो. आपण कोण?"

"माज्या नावाशी काय करायचंय? कसलं केलंय ह्ये? नऊ दावतंय म्हून मी चा सांगितला. बशीत वतला न्हाई तवर नवरा-बायकू येकदम चढली आन जीप गेली बी! आन हितं अजून नऊच दावतंय! मी काय करू आता हितं? हुबा हाय पौडात!"

हा माणूस मला ओळखत नव्हता. मला त्याचं काही देणं नव्हतं, त्याला माझं नव्हतं. माझी भीड बाळगायचं त्याला कारण नव्हतं. त्याने फक्त माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून चहा सांगितला होता.

मी जिन्यातच पायरीवर बसले आणि पर्समधून कागद-पेन काढलं.

"परत सांगा," मी म्हटलं. "सावकाश. अगदी पहिल्यापासून."

तो जरा गडबडला. आवाज खाली आला.

"म्हंजी... चापास्नं?"

"हो," मी म्हटलं. "चहापासून."